हजेरीवहीतला ‘+१’

२०२२-२३ च्या हंगामाची हजेरीवही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. खरं तर ती जुन्या दप्तरासोबत कपाटात जायला हवी होती, पण मी जाऊ दिली नाही. तिच्यातल्या एका पानावर एका पुरुषाचं नाव आहे, नावापुढे ‘+१’, त्यापुढे ६४ दिवसांच्या हजेऱ्या आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ‘पळाले’. अक्षर माझं आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव-एरंडोल पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या मिलमध्ये, हिशोब बघते. मालकांना सगळे आबा म्हणतात, त्यांच्या मुलाला दादा. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की होळीपर्यंत मिल रात्रंदिवस चालते. हमाल, मापाडी, फिटर आसपासच्या गावांतले. जिनवर कापूस टाकणारी, सरकी ओढणारी, गाठी रचणारी टोळी मात्र सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातून येते. बारेला समाजाची जोडपी असतात. मुकादम पावसाळ्यात त्यांच्या गावी जाऊन उचल वाटतो आणि दिवाळी झाली की टेम्पो भरून माणसं घेऊन येतो. बायको नवऱ्यासोबत येतेच, काम तितकंच करते, म्हणून वहीत नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘+१’. मला ज्यांनी वही लिहायला शिकवली त्यांनी असंच लिहायला शिकवलं, आणि मी बारा वर्षं तसंच लिहीत आले.

जुलै २०२३ मध्ये आम्ही जिला रुई देतो त्या सूतगिरणीचं पत्र आलं. पुरवठादारांनी मानवाधिकारांच्या प्रशिक्षणाला दोन-दोन माणसं पाठवावीत, नाहीतर पुढच्या हंगामाच्या सौद्यांचा विचार करावा लागेल, असं त्यात होतं. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “मानवाधिकार म्हणजे तुरुंगाचं, पोलिसांचं असतं ना? आपल्याकडे त्याचं काय काम?” प्रश्न अगदी मनापासूनचा होता. माझ्याही मनात तोच होता. दादा आणि मी जायचं ठरलं.

ऑगस्टपासून मार्चपर्यंत जळगावला सहा बैठका झाल्या. बहुतेक जिनिंगवाले, सूतगिरण्यांची दोन-चार माणसं, एक सरकीच्या तेलाची मिल. शिकवणारे दोघं होते: कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या एक बाई आणि निवृत्त झालेले एक कारखाना निरीक्षक. बायकांमध्ये बाईंना सोडलं तर मी एकटी.

पहिल्याच तासाला बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या आणि तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका लिहा, असं सांगितलं. आम्ही भराभर लिहिलं. भाव पडणे. रुईला आग लागणे. ओला कापूस पदरात पडणे. खरेदीदार तुटणे. वीज. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या फळ्याच्या डाव्या अंगाला लावल्या, उजवं अंग रिकामं सोडलं आणि म्हणाल्या, “हे सगळे धोके धंद्याला आहेत. धंद्यामुळे माणसाला काय धोका आहे, त्याची एकही चिठ्ठी नाही.” हॉलमध्ये शांतता पसरली. पुढच्या सगळ्या बैठका ते उजवं अंग भरण्यातच गेल्या.

मग त्यांनी या सगळ्याचं मूळ सांगितलं. १६ जून २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने व्यवसाय आणि मानवाधिकारांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वं एकमताने मान्य केली. जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी त्यासाठी सहा वर्षं देशोदेशी सल्लामसलत केली होती. सार तीन गोष्टींत सांगता येतं: हक्कांचं रक्षण करणं सरकारचं काम, हक्कांचा आदर राखणं धंद्याचं काम, आणि हक्क मोडला गेला तर त्या माणसाला दाद मिळालीच पाहिजे. आपल्याकडे जबाबदार व्यवसायाविषयीच्या २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतलं पाचवं तत्त्व मानवाधिकारांचंच आहे, आणि सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना त्याचा अहवाल देणं सक्तीचं केलं. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीत खालपर्यंत बघायला लावणारा कायदा लागू झाला होता. आमच्या गावातल्या मिलला पत्र का आलं, ते असं उलगडलं. परदेशातला कायदा ब्रँडवर, ब्रँडचा दाब कापडवाल्यावर, तिथून सूतगिरणीवर आणि सूतगिरणीचा आमच्यावर.

पण मला जे लागलं ते वेगळंच. बाईंनी राणा प्लाझाची हकीकत सांगितली. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावर, आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. हे मी तेव्हा पेपरात वाचलं होतं. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या, खालची बँक आणि दुकानं बंद झाली, तरी शिवणकामाच्या कामगारांना आत बोलावलं गेलं, हेही अंधूक आठवत होतं. न आलात तर महिन्याचा पगार मिळणार नाही, असं काही जणांना सांगितलं होतं, हे मात्र नव्यानेच कळलं. बाई पुढच्या मुद्द्यावर गेल्या. माझी गाडी तिथेच अडली. राखून ठेवलेला पगार माणसाला मरणाच्या दारात नेऊ शकतो, हे ऐकताना मला माझ्या खिडकीवर जानेवारीत आलेली एक बाई आठवत होती.

दुसरी बैठक साखळीची होती. आपला माल कुठून येतो, कुठे जातो, ते काढायचं. पुढची बाजू दादांनी पाच मिनिटांत काढली, कारण आमची प्रत्येक गाठ १७० किलोची, तिला क्रमांक, लॉट, वजन, प्रेसची खूण. सूतगिरणीतून फोन आला की अमुक गाठीत प्लास्टिकची सुतळी सापडली, तर ती कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत बांधली हे मी अर्ध्या तासात सांगू शकते. दादा फळ्यापाशी उभे राहून हे अभिमानाने सांगत होते. निरीक्षक साहेबांनी शांतपणे विचारलं, “आणि ती गाठ बांधली कोणी?” दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मुकादमाच्या टोळीने. “टोळीत कोण कोण?” पुरुषांची नावं आहेत म्हटलं. “आणि बायका?”

मी ‘+१’ म्हटलं, ते तोंडातून जाताना मला स्वतःला ऐकू आलं.

मागची बाजू काढायला त्याहून वेळ लागला. कापूस आमच्या दारात येतो तो खेडा खरेदीवाल्यांच्या गाड्यांतून. त्याच्या आधी शेत, आणि शेतात वेचणी. वेचणी किलोवर असते, ती बहुतेक बायका करतात, शनिवार-रविवारी शाळेतली पोरंही ओटीला फडकं बांधून सरीत उतरतात. ही वेचणी आमच्या फळ्यावर एका चौकटीत मावली, पण तिथपर्यंत आमचा हात आजही पोचलेला नाही, हे मी मान्य करते. बाईंनी तिथे एक गोष्ट पक्की शिकवली: सगळं एकदम हाती घेता येत नाही, मग आधी काय घ्यायचं ते धंद्याच्या सोयीने ठरवायचं नाही. इजा किती खोल, किती जणांना आणि नंतर भरून येणारी आहे का, या तीन मापांनी ठरवायचं. तुटलेलं बोट भरून येत नाही. चुकलेलं बालपण भरून येत नाही.

तिसऱ्या बैठकीला उचल निघाली, आणि हॉलमधली सगळी पुरुषमंडळी एकदम बोलायला लागली. उचल म्हणजे उपकार, आम्ही दिली नाही तर ती माणसं पावसाळ्यात सावकाराकडे जातील, मुलीबाळींची लग्नं आमच्या उचलीवर होतात. यातलं बरंचसं खरंच आहे. निरीक्षक साहेबांनी कोणाला खोडून काढलं नाही. उचल देण्याला कायद्याची बंदी नाही, असं ते म्हणाले. पण उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही, दुसरीकडे काम धरता येणार नाही, असं झालं की ती वेठबिगारी, आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद आहे. संविधानाच्या २३ व्या कलमाने तर त्याआधीपासूनच. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. पोटाची गरज हीदेखील सक्तीच असते.

मग त्यांनी विचारलं, “हंगाम संपेपर्यंत मजुरी कोण कोण राखून ठेवतं?”

आधी कोणाचाच हात वर झाला नाही. मग आमच्या दादांनी केला. त्या एका गोष्टीसाठी माझ्या मनात दादांबद्दलचा आदर कायमचा वाढला.

आमची पद्धत अशी होती. जोडप्याला दर आठवड्याला खर्ची द्यायची, तेल-मीठ-पिठापुरती. बाकीची मजुरी होळीच्या आधी एकदम, उचल कापून. मजूर पैसे उडवतात, दारूत घालतात, घरी नेतील तर एकरकमी नेतील, असं आम्ही स्वतःला सांगायचो. खरं कारण सांगायला धाडस लागतं: पैसे आमच्याकडे अडकलेले असले की टोळी हंगाम सोडून जात नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात, १,००० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्याकडे नोव्हेंबरची मजुरी मार्चमध्ये मिळत होती.

त्या रात्री घरी आल्यावर जेवण झालं, भांडी झाली, पोरं झोपली. मी मिलमधून सोबत आणलेली वही उघडली.

जानेवारी २०२३. थंडी कडक होती. ती खिडकीशी आली तेव्हा साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेला, केसांत रुईचे तंतू. नवरा मागे खाली मान घालून उभा. ती काहीतरी बोलली, मला तिची भाषा येत नाही. ‘माँ’ आणि ‘बीमार’ एवढं कळलं. मी मुकादमाकडे बघितलं. तो म्हणाला, दर वर्षी कोणाची ना कोणाची आई आजारी पडते. मी तिला म्हटलं, “हिसाब होली को.” आवाज चढवला नाही, चिडलेही नाही, एवढंच आठवतं. तेव्हा मला वाटायचं की आवाज न चढवणं म्हणजे चांगलं वागणं. ती तशीच उभी राहिली, मग गेली. तिसऱ्या सकाळी त्यांची खोली रिकामी होती. वॉचमन म्हणाला, चूल सारवून ठेवलीय. मी शेऱ्यात लिहिलं: ‘पळाले’.

जोडीची मजुरी रोजाला ७००. ६४ दिवसांचे ४४,८००. नऊ आठवड्यांची खर्ची १३,५०० आणि उचल २०,००० वजा जाता त्यांचे ११,३०० रुपये आमच्याकडे राहिले. पळून ते गेले होते, पण देणं आमच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून मी हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कमावलेली मजुरी सोडून माणूस रात्री का जातो?”

वरचा हिशोबसुद्धा पुरता नव्हता. आमची पाळी बारा तासांची आणि हजेरी एकच. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात नऊ तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. त्याप्रमाणे मी पुन्हा मांडणी केली तेव्हा आकडा ४०,००० च्या पुढे गेला. एका जोडीचा.

नोव्हेंबरात टोळी आली. या वेळी बायकांशी बोलायचं ठरलं होतं, आणि पहिली अट होती की मुकादम, दादा, मी, कोणीही तिथे नसायचं. मला ते लागलं. मी बाई आहे, मला सांगतील असं वाटत होतं. बाई म्हणाल्या, “पगाराची वही तुमच्या हातात आहे. तुमच्यासमोर त्या खरं का बोलतील?” चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, कॉलेजात शिकणारी एक पावरा मुलगी दुभाषी म्हणून आली, तिची बोली आणि बारेलांची बोली जवळची. बायका सुट्टीच्या दिवशी तिच्याशी मिलच्या बाहेर, निंबाखाली बसून बोलल्या. नावं न लिहिता तिने जे आणलं, ते ऐकायला आम्ही ऑफिसात बसलो.

पैशांचं आम्हाला वाटलं होतं तसंच निघालं. बाकीचं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. रात्रपाळीला संडासकडे जाणारा दिवा वर्षभर बंद होता, म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी प्यायच्याच नाहीत. जिनच्या तोंडाशी अडकलेली कवडी, म्हणजे खराब घट्ट कापूस, यंत्र चालू असतानाच हाताने काढायची, कारण थांबवलं तर फिटर ओरडतो. आणि मुकादमाचा एक नातेवाईक पाणवठ्यावर त्रास देतो, हे तिघींनी वेगवेगळं सांगितलं.

दिवा त्याच संध्याकाळी लागला. एका दिव्याची किंमत ती काय, पण त्यासाठी प्रशिक्षण लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. कवडीचं निरीक्षक साहेबांनी स्वतः येऊन बघितलं. चालू यंत्राच्या हलत्या भागाची साफसफाई बाईमाणसाला लावायची नाही, अशी कायद्यात सरळ मनाई होती. मी त्यांच्यासोबत जिनच्या फळीवर उभी होते. बारा वर्षांत पहिल्यांदा. खालून पट्टा फिरत होता, रोलरच्या तोंडाशी एका बाईचा हात पोचत होता आणि तिच्या शर्टाच्या सुटलेल्या बाहीची कड हवेने फडफडत पट्ट्याकडे ओढली जात होती. साडीवर शर्ट का घालतात ते तेव्हा उमगलं. धुळीसाठी घालतात असं मी समजायचे. पदर आत बांधला जावा म्हणून घालत होत्या. त्यांची सुरक्षा त्यांनीच आपल्या परीने शोधली होती, आणि तीही बाहीपाशी अपुरी पडत होती. पट्ट्यांना जाळ्या बसल्या, प्रत्येक जिनपाशी हाताला येईल असं बंद करायचं बटण बसलं, आणि यंत्र थांबवल्याबद्दल कोणी बोलायचं नाही हे आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आबांनी सांगितलं म्हणूनच ते टिकलं.

त्रासाच्या तक्रारीसाठी समिती लागते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती नेमावी लागते, अध्यक्ष स्त्री, एक सदस्य बाहेरचा. आमच्या फाइलमध्ये समिती होती, कागदावर. तिच्या अध्यक्ष म्हणून माझंच नाव होतं आणि मला ते माहीत नव्हतं. यावर जास्त लिहीत नाही. तो माणूस हंगामाच्या मध्येच गेला, आणि चौकशी कशी करतात ते मी ती करताकरता शिकले.

पोरांचं काम त्याहून अवघड गेलं. आमच्याकडे बालकामगार नाहीत असं आम्ही दर वर्षी लिहून देत होतो. कामाला लावलेले नव्हतेच. पण दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर सरकीच्या ढिगापाशी असायची आणि आईला उशीर झाला की टोपलं उचलायची. दादा म्हणाले, उद्यापासून पोरांना गेटच्या आत घ्यायचंच नाही. बाईंनी थांबवलं. गेट बंद केलं तर पोरं रस्त्यावर बसतील, नाहीतर घरी एकटी राहतील. त्याने आपली फाइल स्वच्छ होते, पोरांचं काहीच होत नाही. शेवटी एक खोली मोकळी केली, गावातली एक बाई सांभाळायला ठेवली, आणि सहा वर्षांवरच्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. भाषेची अडचण मोठी: घरी बारेली, शाळेत मराठी, गल्लीत अहिराणी. पहिला महिना ती पोरं गप्प बसून होती. गुरुजींनी संयम ठेवला.

हजेरी नावाने लिहायला लागले तेव्हा खरी कसरत होती. प्रत्येक बाईचं नाव, तिची वेगळी हजेरी, तिची वेगळी मजुरी, जमेल तिथे तिचं वेगळं बँक खातं. स्थानिक हमालणींपैकी एक वयस्क आक्का मला म्हणाल्या, “ताई, मनं नाव लिखीसन काय व्हई? पैसा ते हाऊच लेई.” नवऱ्याकडे हात केला होता. मला उत्तर सुचलं नाही. तीन महिन्यांनी त्याच आक्का पगाराच्या दिवशी खिडकीशी आल्या आणि स्वतःच्या नावापुढचा आकडा दोनदा वाचून दाखवायला लावला. पैसे त्यानंतर कोणाच्या हातात गेले ते मी विचारलं नाही.

आता जी गोष्ट फार कोणी लिहीत नाही, ती लिहिते. जानेवारी २०२४ च्या बैठकीला सूतगिरणीचे खरेदी अधिकारी आले होते. पुरवठादारांची प्रगती बघायला. आबाही त्या दिवशी मुद्दाम आले. सगळ्यांचं सांगून झाल्यावर आबा उठले. म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगता मजुराला सात तारखेच्या आत द्या. बरोबर आहे, दिलेच पाहिजेत, आम्ही देतोय. पण आमच्या गाठींचे पैसे तुम्ही साठ-सत्तर दिवसांनी देता. ते कोणाच्या हक्कात बसतं?” लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ च्या कायद्यात आहे, हे निरीक्षक साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं. अधिकारी म्हणाले, हा विषय माझ्या विभागाचा नाही.

बाई त्यांना म्हणाल्या, “विषय याच प्रशिक्षणाचा आहे. खरेदीची पद्धतसुद्धा साखळीतच येते.” माझं यावर ठाम मत झालंय. वरून खाली फक्त प्रश्नावल्या आल्या आणि पैसे आधीसारखेच उशिरा आले, तर गाठीच्या टोकाला असलेल्या बाईची मजुरी कोणीतरी पुन्हा अडकवणार. त्या हंगामात आम्ही सात तारीख पाळली ती बँकेकडून वाढीव कर्ज घेऊन. त्याचं व्याज आबांनी सोसलं. पुढच्या वर्षी सूतगिरणीने दिवस कमी केले, ४५ च्या आत आणले. भाव मात्र एका पैशाने वाढवला नाही.

नुकसानही झालं. आमचा जुना मुकादम २०२४ च्या दिवाळीला आलाच नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका मिलने त्याला जास्त उचल दिली आणि हजेरीची जुनी पद्धत ठेवली, ते त्याला बरं पडलं. त्याच्यासोबतची निम्मी जोडपी तिकडे गेली. निम्मी आमच्याकडे थेट आली, मुकादमाशिवाय, त्यांचं त्यांनी भाडं देऊन. भाडं आम्ही परत दिलं.

राहिली दाद. ३१ तत्त्वांतला तिसरा भाग तोच, आणि बाई त्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायच्या. चूक यापुढे न होणं वेगळं, आणि झालेली चूक ज्याच्यावर झाली त्याच्याकडे जाऊन भरून काढणं वेगळं. आबांनी ११,३०० लगेच मान्य केले. बारा तासांच्या पाळीचा मागचा फरक आम्ही सगळ्यांचा अजून पूर्ण फेडलेला नाही. हप्ते चालू आहेत. पण त्या जोडीचे पैसे आधी द्यायचे, स्वतः जाऊन द्यायचे, असं मी ठरवलं होतं.

शोधायचं कसं? गाव माहीत नाही, मुकादम म्हणाला ती माणसं दुसऱ्या मुकादमाकडून घेतली होती. माझ्याकडे नवऱ्याचं एक नाव, आडनाव नाही, आणि ‘+१’. त्या भागात त्या नावाची माणसं पाड्यापाड्याला आहेत. तिचं नाव असतं तर दोन्ही नावं जुळवून विचारता आलं असतं.

२०२४ ची होळी २४ मार्चला होती. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, कामाला गेलेली माणसं कुठूनही घरी येतात. दुभाषी मुलगीच म्हणाली, “ताई, शोधायचं तर तेव्हाच.” दादांनी गाडी काढली, आम्ही तिघं चोपड्याहून डोंगर ओलांडून सेंधव्याच्या बाजूच्या दोन बाजारांत गेलो. भोंगऱ्याबद्दल आपल्याकडे भलतंसलतं बोलतात. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे. साखरेचे हार, दाळ्या, गूळ, मोठाले ढोल, चांदीच्या दागिन्यांची दुकानं. बायका एकसारख्या रंगाच्या साड्या घालून घोळक्याने चालतात. प्रत्येक घोळक्यात मला ती दिसत होती. त्या मुलीने चाळीसेक जणांना तरी विचारलं असेल: जळगावकडे जिनला गेले होते, थंडीत परत आले, बाईची आई आजारी होती. दुसऱ्या बाजारात एका म्हाताऱ्याने ओळखलं, निदान तसं वाटलं. म्हणाला, आहेत असे एक. आई वारली त्यांच्या पोचण्याआधी. नंतर दोघं गुजरातला गेले, ऊसतोडीला, तिकडून आले नाहीत. बाईचं नाव विचारलं तर म्हणाला, अमक्याची बायको.

पाकीट परत आणलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तो म्हातारा दिसला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, जुन्या कायद्यांची कलमं आता इतिहासात जमा होतील, मला वहीचे नमुने परत बदलावे लागतायत. गेल्या मार्चमध्ये ताळेबंद करताना सीए साहेबांचा मुलगा म्हणाला, “ताई, ही जुनी रक्कम आता कोणी मागायला येणार नाही, उत्पन्नात घेऊन टाकू.” मी नाही म्हटलं. आबांना विचारलं, तेही नाही म्हणाले. दर ३१ मार्चला मी ते ११,३०० रुपये देण्याच्या बाजूला पुढे ओढते. खात्याला नाव लागतं, म्हणून पहिल्या वर्षी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. नवऱ्याचं नाव लिहिलं, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत ‘व त्यांची पत्नी’, पुढे नावापुरती मोकळी जागा.